फळीवर कुणाला किती जागा?

वाचकांचे प्रश्न : दुकानाची मांडणी

रॅक आणून उभे केले, आता पुढे काय, असं विचारणारी पत्रं या वेळी सर्वाधिक आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतली मालाची मापं हिशोब समजावा म्हणून धरलेली आहेत. आपल्या दुकानातल्या पुड्यांना टेप लावूनच खरं माप घ्यावं.

प्रश्न (उदगीर) : आमचा किराणा आजवर काउंटरवरून चालायचा. आता १२ बाय २५ फुटांच्या गाळ्यात गिऱ्हाइकाला आत येऊन हाताने माल घेता येईल अशी मांडणी करतोय. तीन फुटी लोखंडी रॅक आणलेत, फळीची खोली १५ इंच. कोणत्या मालाला किती जागा द्यायची याचा काही हिशोब असतो, की नजरेच्या अंदाजानेच लावायचं?

उत्तर : हिशोब असतो, आणि तो वहीच्या एका पानात मावतो. एजन्सीची गाडी येऊन गेल्यापासून पुन्हा येईपर्यंत एखादा माल किती विकतो, यावरून त्याच्या खणाची रुंदी ठरवा. कंपनी किती मोठी, पुडा किती देखणा, सेल्समन किती बोलका, यातल्या कशावरूनही ती ठरवू नका.

समजा, चहाचा पाव किलोचा पुडा ११ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर जाड आहे. तुमची फळी १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर खोल. एकामागे एक ६ पुडे उभे राहतील. या चहाचे आठवड्याला २० पुडे जातात आणि गाडी आठवड्यातून एकदा येते. गाडी कधी चुकते, कधी एखादं गिऱ्हाईक कार्यासाठी एकदम चार-पाच पुडे नेतं, म्हणून दीडपट धरा : ३० पुडे. ३० भागिले ६, म्हणजे ५ ओळी. प्रत्येक ओळीला पुड्याचे ११ आणि बोटं घालायला १ सेंटिमीटर, असे एकूण ६० सेंटिमीटर लागले. तीन फुटी फळीची आतली मोकळी जागा ८८ सेंटिमीटर धरली, तर उरले २८. दुसरा चहा आठवड्याला ४ जातो. दीडपट ६, म्हणजे एक ओळ, १२ सेंटिमीटर. तिसराही तसाच. राहिलेले ४ सेंटिमीटर ओळींत वाटून टाका. तिथे काडेपेट्या कोंबू नका, एकदा कोंबल्या की खणाची शिस्त तिथूनच मोडायला लागते.

बहुतेक दुकानांत तिन्ही चहांना सारखी जागा दिलेली असते. चालणारा चहा मग आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारीच संपतो आणि बाकीचे दोन धूळ खात उभे राहतात. फळी भरलेली दिसते म्हणून मालकाच्या लक्षातही येत नाही.

विक्रीचा आकडा कॉम्प्युटरमध्ये नसेल तर गेल्या आठ आठवड्यांची खरेदीची बिलं काढा. आठ आठवड्यांपूर्वीची शिल्लक अधिक खरेदी, त्यातून आजची शिल्लक वजा, भागिले आठ. सणाचा आठवडा यात धरू नका. बाजाराचा दिवस मात्र धराच.

आता उंची. सगळ्या फळ्या सारख्या अंतरावर लावायचा मोह आवरा. उभ्या खांबाला खाचा दिलेल्या असतात त्या फळ्या वरखाली करण्यासाठीच. मालाची उंची अधिक साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे हात घालून पुडा तिरका करून काढता येईल एवढी जागा पुरते. साबणाच्या वर एक फूट रिकामी जागा ठेवली तर एका रॅकमागे एक अख्खी फळी वाया जाते.

चालण्याची वाट हीच तुमच्या गाळ्याची खरी अडचण ठरणार आहे. दोन्ही भिंतींना रॅक आणि मधे पाठीला पाठ लावून दोन रॅक, असं केलं तर १५ इंचांच्या हिशोबाने ५ फूट रॅकमध्ये जातात. उरलेल्या ७ फुटांत साडेतीन-साडेतीन फुटांच्या दोन वाटा मिळतात. पण पुष्कळ रॅकची तळाची फळी वरच्यांपेक्षा पुढे येते. ती १८ इंचांची असेल तर ६ फूट गेले आणि वाट राहिली ३ फुटांची. त्याहून कमी चालणार नाही, टोपली घेतलेली दोन माणसं समोरासमोर आली की एकाला मागे फिरावं लागतं. म्हणून तळाची फळी मोजल्याशिवाय रॅक जमिनीला ठोकू नका.

प्रश्न (मानवत) : खण पाडायला बाजारात ॲक्रिलिकच्या, तारेच्या, पत्र्याच्या पट्ट्या मिळतात. आम्ही पुठ्ठा लावून पाहिला, महिन्याभरात वाकला. डबल टेपने चिकटवलेल्या पट्ट्याही सुटतात. नेमकं काय वापरावं?

उत्तर : पट्टीचं काम माल पेलण्याचं नाही, ओळ सरकू न देण्याचं आहे. म्हणून मालाच्या निम्म्या उंचीपर्यंत आली तरी पुरे. फार उंच पट्टी हाताला अडते आणि बाजूने पाहणाऱ्याला माल झाकते. उभ्या राहणाऱ्या पाउचना मात्र जरा उंच, दोन-तृतीयांशापर्यंत लागते, नाहीतर ती शेजारच्या खणात कलंडतात.

३ मिलिमीटरचं ॲक्रिलिक सर्वांत सोयीचं. दिसायला स्वच्छ, जागा कमी खातं, पुसता येतं. खालून इंचभर वाकवून घेतलेली, म्हणजे एल आकाराची पट्टी घ्या. तो वाकवलेला भाग मालाखाली जातो आणि मालाच्याच वजनाने पट्टी जागची हलत नाही. ६ मिलिमीटरचा प्लाय स्वस्त वाटतो, पण एका फळीवर दहा पट्ट्या लावल्या की ६ सेंटिमीटर नुसत्या लाकडात गेले, म्हणजे साबणाची एक ओळ गेली.

तारेची पट्टी बाटल्या आणि डब्यांना उत्तम, धूळही साचत नाही. छोट्या पुड्या तिच्या फटीतून आडव्या होतात, तिथे ती नको. तारेच्या पट्ट्या फळीच्या खाचेत बसतात आणि खाचांमधलं अंतर प्रत्येक कारखान्याचं वेगळं असतं. रॅक ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडूनच त्या घ्या, किंवा फळीचा तुकडा सोबत नेऊन बसवून पाहा.

पत्र्याची पट्टी स्थानिक वेल्डरकडून करून घ्यायची तर वरची कड दुमडून घ्या. कापलेली कड तशीच ठेवली तर तेलाचं पाउच घासून फाटतं. गळती वरच्या पाउचातून होते आणि डाग तळाच्या पुड्यांवर दिसतो, त्यामुळे कारण सापडेपर्यंत नासाडी चालूच राहते.

टेप सुटते त्याची कारणं तीन : फळीवर धुळीचा आणि तेलाचा थर, उन्हाळ्यात तापलेला पत्रा, आणि चिकटवल्यावर लगेच भरलेला माल. फळी आधी कोरड्या फडक्याने, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. थिनर वापरू नका, रंग उतरतो. चिकटवून चोवीस तास माल लावू नका. लोखंडी फळीवर चुंबकाच्या पट्ट्या आणखी सोप्या, हव्या तेव्हा सरकवता येतात. स्टीलच्या फळीवर चुंबक बसेलच असं नाही, आधी एक लावून बघा.

पुठ्ठा कायमचा नको. ओल धरतो, वाकतो, उंदीर कुरतडतात. पण पहिले पंधरा दिवस मुद्दाम पुठ्ठाच लावा. कोणता खण कमी पडतो, कोणता रिकामा राहतो ते कळलं की त्या मापाने ॲक्रिलिक कापून आणा.

प्रश्न (केज) : तेलाच्या फळ्या मधोमध वाकल्या आहेत आणि एक रॅक पुढे झुकलाय. विकणारा म्हणतो गेज चांगला आहे. दोष कुणाचा?

उत्तर : आधी वजन मोजा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. फळीवर ४० पाउच ठेवले की ३६ किलोंच्या वर गेलं, आणि ते मधेच रचले तर सगळा भार फळीच्या सर्वांत कमकुवत जागी येतो. विक्रेता सांगतो ती क्षमता वजन फळीभर सारखं पसरलेलं आहे असं धरून असते. दर फळीला किती किलो, हे बिलावर लिहून घ्या. गेजच्या बाबतीत एक लक्षात ठेवा : आकडा जितका मोठा, पत्रा तितका पातळ. २२ गेज हा १८ गेजपेक्षा पातळ.

वाकलेली फळी उलटी करून वापरू नका. तिच्याखाली लांबीत आडवी पट्टी म्हणजे स्टिफनर बसवता येतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे जड माल हलवणं. पाच लिटरचे कॅन, पाच-दहा किलोच्या आट्याच्या पिशव्या, साबणाचे मोठे बार हे सगळं तळाच्या फळीवर. एक लिटरची पाउच कमरेच्या खाली, तीही खांबांच्या जवळ. वर चिप्स, शेवया, पापड.

झुकण्याचं कारण बहुधा जमीन आहे. शहाबादी फरशीवर एका पायाखाली अर्धा सेंटिमीटर फरक असला तरी सहा फुटांच्या उंचीवर तो चांगलाच जाणवतो. पायाचा बोल्ट फिरवून पातळी साधा, त्यासाठी गवंड्याची लेव्हल बॉटल वापरा. नट-बोल्टचा अँगल रॅक असेल तर प्रत्येक कोपऱ्यात तिकोनी गसेट पट्टी आहे का ते पाहा. बसवणारे वेळ वाचवायला वरच्या आणि खालच्याच कोपऱ्यांत त्या लावतात. भिंतीलगतचा प्रत्येक रॅक वरून भिंतीला फिशरने, म्हणजे भिंतीत बसवलेल्या प्लास्टिकच्या खुंटीत स्क्रू पिळून बांधा. लहान मूल खालच्या फळीवर चढतं तेव्हा न बांधलेला रॅक पुढे येतो, ही गोष्ट उद्यावर टाकू नका. झुकलेला रॅक रिकामा केल्याशिवाय सरळ करायला जाऊ नये.

प्रश्न (कळंब) : पट्ट्या लावून सुरेख खण केले, तरी मागचा माल मुदतबाह्य होतो. पोरं नवा माल पुढे लावतात.

उत्तर : खोल खणाचा हा दोषच आहे. पुढून भरणं सोपं असल्यामुळे कामावरची मुलं तेच करतात. भरण्याची रीत ठरवून द्या : जुना माल सगळा बाहेर टोपलीत, फळी पुसायची, नवा मागे, जुना पुढे. यात वेळ जातो म्हणून गिऱ्हाइकीच्या वेळेत भरणी नकोच, सकाळी दुकान उघडल्यावर पहिला तास त्यासाठी ठेवा.

आलेल्या खोक्यावर महिन्याप्रमाणे रंगीत ठिपक्याचा स्टिकर लावला की तारीख न वाचताही नवं-जुनं कळतं. बारीक अक्षरांतली तारीख कुणी रोज वाचत नाही, रंग मात्र लांबून दिसतो.

कमी खपाच्या मालाला फळीची अख्खी खोली देऊच नका. फळीच्या मागच्या बाजूला रिकामा खोका ठेवून खण निम्मा उथळ करा. पुढे तीनच पुडे उभे राहतील, फळी भरलेली दिसेल आणि अडकलेले पैसेही निम्मे होतील. एजन्सी मुदत संपण्याआधी किती दिवस माल परत घेते ते विचारून ठेवा आणि त्याच्या पंधरा दिवस आधी असा माल बाहेर काढायची तारीख वहीत लिहा. मुदत संपलेला माल विक्रीच्या फळीवर क्षणभरही नको. त्याचा वेगळा, नाव लिहिलेला खोका असावा.

प्रश्न (वसमत) : सेल्समन म्हणतो, डोळ्यासमोरची फळी आम्हाला द्या, स्कीम देतो. द्यावी का?

उत्तर : चार ते पाच फुटांच्या दरम्यानची फळी सर्वांत जास्त विकते, म्हणून तो मागतो. माल तसाही चालणारा असेल तर द्या, पण किती महिने, बदल्यात काय, न खपलेला माल परत घेणार का, हे लिहून घ्या. न चालणाऱ्या मालासाठी ती जागा देऊन मिळणारी स्कीम तोट्याची पडते. कंपनीचा मोफत स्टँड वाटेत येत असेल तर तो मोफत असूनही नको.

प्रश्न (हिंगोली) : कृषी सेवा केंद्र आहे. औषधं, तणनाशकं, बियाणं आणि विद्राव्य खतं एकाच भिंतीला आहेत. कंपनीप्रमाणे लावलंय. बदलावं का?

उत्तर : तातडीने बदला. इथे चुकीच्या मांडणीची किंमत शेतकऱ्याचं पीक मोजतं.

कीटकनाशके नियम, १९७१ प्रमाणे कीटकनाशकं इतर मालापासून वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवायची असतात. खाण्याच्या किंवा जनावरांच्या खाद्याच्या वस्तू जवळपासही नकोत. मुदत संपलेली औषधं लगेच बाजूला काढून, ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारून, फलक लावलेल्या वेगळ्या जागेत ठेवावी लागतात. त्यासाठी कपाटाचा तळ किंवा कोपरा आजच राखून ठेवा.

कंपनीप्रमाणे लावणं सोडा, कामाप्रमाणे लावा. कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक असे तीन वेगळे उभे भाग करा आणि तणनाशकाचा भाग बाकी दोघांपासून एका रिकाम्या खणाने तोडा. एकाच कंपनीच्या बाटल्या दिसायला सारख्या असतात आणि जूनच्या गर्दीत, काउंटरवर वीस माणसं उभी असताना, हात नेहमीच्या जागेवर जातो, लेबलवर नजर जात नाही. तणनाशकांतही उभ्या पिकात चालणारी एका फळीवर आणि सगळंच हिरवं जाळणारी दुसऱ्या फळीवर ठेवा. मधे ठळक पट्टी लावा. सोयाबीनवर चुकीची बाटली गेली तर ते पीक परत आणता येत नाही.

प्रत्येक भागात पातळ औषधं खाली, भुकटी आणि दाणेदार वर. बाटली गळली तर खालचा पुडा भिजू नये म्हणून. बाटल्यांच्या फळीला पुढून ५ सेंटिमीटरची कड हवीच. लेबलवरचा त्रिकोण पुढे दिसेल अशी बाटली ठेवा : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल आणि पिवळे हाताच्या पोहोचीत, म्हणजे छातीच्या उंचीवर ठेवा. डोक्यावरून काढताना बाटली सुटली तर औषध तोंडावर येतं.

बियाणं या भिंतीवरून पूर्ण हलवा. २,४-डीसारख्या तणनाशकाची वाफ बियाण्याला बाधू शकते आणि कापूस तिच्या बाबतीत फारच नाजूक आहे. खतं ओल ओढून घेतात, म्हणून तीही बियाण्याला शेजारी नकोत. बियाण्याच्या पिशव्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सुटून ठेवा. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखालचा पोटमाळा बियाण्याची उगवणशक्ती मारतो. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, त्याची थप्पी बुटकी ठेवा आणि पिशवी आपटू देऊ नका. लॉट नंबरप्रमाणे ओळी वेगळ्या लावा. बिलावर लॉट नंबर लिहावा लागतो, आणि उगवणीची तक्रार आली तर नेमका कोणता लॉट गेला हे त्या ओळीवरूनच कळतं.

प्रश्न (परळी) : बांगड्या आणि फॅन्सीचं दुकान घातलंय. बांगड्या रंगाप्रमाणे लावल्या की छान दिसतात, पण माप शोधताना बाई कंटाळून निघून जाते.

उत्तर : माप आधी, रंग नंतर. बाई रंग बदलायला तयार होते, मनगट बदलत नाही.

प्रत्येक मापाला एक उभा भाग द्या : २.२, २.४, २.६, २.८, २.१०. या आकड्यात टिंबानंतरचा भाग इंचाचा सोळावा हिस्सा असतो. २.४ म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, सव्वादोन इंच, आतून साधारण ५७ मिलिमीटर. २.८ म्हणजे अडीच इंच, साडेत्रेसष्ट मिलिमीटर. म्हणून २.१० हे २.८ पेक्षा मोठं. बिलिंगच्या कॉम्प्युटरमध्ये हे माप आकडा म्हणून भरलं तर तो २.१० चं २.१ करून सगळ्यांच्या आधी टाकतो आणि साठ्याची यादी चुकते. तिथे ‘२-१०’ असं मधे आडवी रेघ देऊन अक्षर म्हणून भरा.

साधारणपणे २.४ आणि २.६ जास्त जातात. त्यांना दुप्पट नळ्या, म्हणजे बांगड्या ओवून ठेवायच्या आडव्या दांड्या द्या, बाकीचं प्रमाण आपल्या विक्रीवरून ठरवा. एका फुटाच्या नळीवर टोकाला दोन इंच मोकळे सोडून १० इंच, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर वापरता येतात. ३ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या बांगड्या त्यावर ८० च्या आसपास, साडेसहा डझन मावतात. गच्च भरू नका, काढताना एक अडकली की दोन फुटतात. नळी मागच्या बाजूला किंचित उतरती बसवा, म्हणजे धक्का लागला तरी बांगड्या पुढे घरंगळत नाहीत. प्रत्येक मापात रंग वरून खाली एकाच क्रमाने लावा. पाचही मापांत लाल तिसऱ्याच नळीवर असला की दुकान रंगाप्रमाणे लावल्यासारखंही दिसतं.

हिरव्या बांगड्या मात्र या क्रमात नकोत. लग्नसराईत आणि श्रावणात त्या इतक्या जातात की त्यांचा स्वतंत्र भाग, सगळ्या मापांसह, काउंटरजवळच हवा. लहान मुलींची मापं कमरेखाली, त्यांच्या हाताला येतील अशी.

प्रश्न (धारूर) : उन्हाळ्यात चॉकलेटं फळीवरच मऊ पडतात. फ्रिज लहान आहे.

उत्तर : चॉकलेटातलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुकानाची हवाच त्याहून गरम असते. फळी बदलून पूर्ण सुटका नाही. खण लहान करून दोन दिवसांचाच माल मागवा, पश्चिमेच्या भिंतीचा रॅक आणि वरची फळी टाळा, थोडा माल फ्रिजमध्ये ठेवून फळीवर फक्त रिकामी पाकिटं किंवा भावाची पट्टी लावा. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढुरका थर येतो. ते खराब नसतं, पण गिऱ्हाईक परत आणतं.

प्रश्न (पूर्णा) : भावाची पट्टी मालाच्या वर लावायची की खाली? गिऱ्हाईक नेहमी शेजारचा भाव वाचतं.

उत्तर : खाली, फळीच्या कडेवर, आणि त्या मालाच्या पहिल्या ओळीच्या डाव्या कडेला लावा. तिथून पुढची पट्टी येईपर्यंतचा सगळा माल त्या भावाचा, हे मग गिऱ्हाइकाला आपोआप कळतं. मधोमध लावलेली पट्टी ओळी वाढल्या-घटल्या की शेजारच्याच्या खाली जाते. पट्टीवर नाव, वजन आणि भाव तिन्ही लिहा, भाव मोठ्या अक्षरात. माल संपला तरी पट्टी काढू नका. रिकाम्या खणाखाली पट्टी असली की काय मागवायचं ते संध्याकाळी फेरी मारताना दिसतं, आणि ती काढली की शेजारचा माल रात्रीतून त्या जागेत पसरतो.